विदर्भात बारमाही भाजीपाल्यासाठी घुमटाकार हरितगृह आणि घर : एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यातील एका शेतकरी दांपत्याने विचारलेला प्रश्न असा आहे. त्यांच्याकडे तीन एकर वावर आणि एक विहीर आहे, घरात पाच माणसे आहेत. थंड देशांतील घुमटाकार हरितगृहांची चित्रफीत पाहून सहा मीटर व्यासाचा तसा घुमट आपल्या वावरात उभारावा, राहायचे घर त्याच्या पोटातच किंवा त्याला लागून बांधावे आणि बाराही महिने भाजीपाला घ्यावा, असा त्यांचा विचार आहे. सांगाडा बांबूचा करावा की पाइपचा, वर प्लास्टिक घालावे की जाळी, आणि घुमटाकार घर उन्हाळ्यात थंड राहते का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

घुमट आपण जरूर उभारावा, असेच मी म्हणेन. मात्र आपण पाहिलेला घुमट उष्णता कोंडून ठेवण्यासाठी रचलेला आहे, आणि आपल्याला उष्णता बाहेर काढून टाकणारा घुमट हवा आहे. या एका फरकामुळे आच्छादन, झरोके, पाण्याची टाकी आणि घराची जागा हे सगळेच बदलते, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

त्रिकोणांनी बनलेल्या घुमटाचा पहिला मोठा प्रयोग जर्मनीतील येना येथे १९२० च्या दशकात तारांगणासाठी झाला. पुढे अमेरिकेत बकमिन्स्टर फुलर यांनी १९५४ मध्ये या रचनेचे पेटंट मिळवले आणि १९६० मध्ये सेंट लुईस येथील वनस्पती उद्यानात अशाच घुमटाखाली उष्ण कटिबंधातील झाडे वाढू लागली. कोलोरॅडोच्या डोंगराळ भागातील शेतकरी जे लहान घुमट वापरतात, त्यांच्या उत्तर बाजूला पाण्याची मोठी टाकी असते. ती दिवसा तापते आणि रात्री ऊब सोडते. त्या घुमटांवर बर्फाचा भार पडतो, सूर्य हिवाळाभर क्षितिजाजवळून जातो आणि रात्रीचे तापमान शून्याच्या खूप खाली उतरते. तेथे गोल आकार, दुहेरी आच्छादन, बंद दारे आणि टाकी या सर्वांना अर्थ आहे.

विदर्भात जानेवारीतील सरासरी किमान तापमान १२ अंशांच्या आसपास असते. एखाद्या लाटेत ते पाचाच्या खाली जाते, पण पालक, मेथी, सांभार (कोथिंबीर), कोबी, वाटाणा ही पिके तेवढी थंडी उघड्यावर सहज सोसतात. आपला कठीण काळ मार्चच्या मध्यापासून मृगाच्या पावसापर्यंतचा आहे. मे महिन्यात नागपूर, वर्धा, चंद्रपूर पट्ट्यात दिवसाचे तापमान सरासरी ४२ ते ४३ अंश असते, काही दिवस ते ४५ च्या पुढे जाते आणि रात्रीही २८ च्या आसपासच थांबते. अशा दिवसात बंद प्लास्टिकच्या घुमटात बाहेरच्यापेक्षा दहा अंशांनी, कधी त्याहूनही अधिक वाढ होते आणि आतले रोप दुपारपर्यंत शिजते. टोमॅटोचे परागकण दिवसाचे तापमान ३५ अंशांपलीकडे आणि रात्रीचे पंचविशीच्या आसपास राहिले की निकामी होऊ लागतात. झाड हिरवेगार दिसते, फूल येते आणि गळून जाते. म्हणून ‘बारमाही’ हा शब्द विदर्भात वापरताना आपण प्रत्यक्षात चैत्र, वैशाख आणि ज्येष्ठ या तीन महिन्यांबद्दल बोलत आहोत, हे ध्यानात ठेवावे.

आता रचनेकडे येतो. सहा मीटर व्यासाला दोन लांबींच्या दांड्यांचा घुमट पुरेसा होतो आणि गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात तो तयार होऊ शकतो. यात एकूण ६५ दांड्या, २६ सांधे आणि ४० त्रिकोण असतात. लांब दांडी त्रिज्येच्या ०.६१८ पट आणि आखूड दांडी ०.५४६५ पट असते, म्हणजे तीन मीटर त्रिज्येसाठी लांब दांड्या १.८५४ मीटरच्या ३५ आणि आखूड दांड्या १.६४० मीटरच्या ३० लागतील. ही मापे भोकाच्या मध्यापासून भोकाच्या मध्यापर्यंतची आहेत. पाइप कापताना दोन्ही टोकांना भोकाच्या बाहेर राहणारा भाग यात मिळवावा लागतो, आणि कारागिराला हे आधीच समजावून सांगितले नाही तर शेवटचे पाच सांधे काही केल्या जुळत नाहीत. पाइपचे टोक चपटे करून लांब दांडीला सुमारे १८ अंशांचा आणि आखूड दांडीला सुमारे १६ अंशांचा बाक द्यावा, मग एकाच बोल्टमध्ये सर्व दांड्या नीट बसतात. एक इंची जस्तलेपित पाइप या आकाराला चालतो. चपटे करताना आणि भोक पाडताना जस्ताचा थर उडतो, तेथे जस्ताचा रंग न चुकता लावावा, कारण गंज नेहमी तेथूनच सुरू होतो. तीन लांबींच्या दांड्यांचा घुमट दिसायला अधिक गोल असतो, पण त्याचा तळ सपाट येत नाही आणि सांधेही बरेच वाढतात. पहिल्या बांधकामासाठी तो घेऊ नये.

बांबूविषयी माझे मत सावध आहे. मेळघाटातील लवादा येथील संपूर्ण बांबू केंद्राने आणि चंद्रपूरजवळच्या चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राने बांबूच्या बांधकामाचे ज्ञान आपल्या दारापर्यंत आणले आहे, आणि आपल्याकडील मानवेल बांबू जवळजवळ भरीव असल्याने या कामाला उत्तमही आहे. अडचण सांध्याची आहे. प्रत्येक बांबूची जाडी वेगळी असते आणि टोकाला भोक पाडून बोल्ट आवळला की तो उभा चिरतो. बांबूच वापरायचा असेल तर किमान तीन वर्षे वयाचा, हिवाळ्यात तोडलेला आणि बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवलेला घ्यावा. टोकांना लोखंडी पाइपचे तुकडे बसवून ते पट्टीने आवळावेत आणि सांधा त्या लोखंडाला द्यावा. मुरवण न केलेल्या बांबूला एका पावसाळ्यानंतर घुण लागतो, आणि घुमटात एक दांडी गेली की तिचा भार शेजारच्या दांड्यांवर येतो.

घुमटाचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा गुण त्याच्या माथ्यावर आहे. शिखराच्या सांध्याभोवतीचे पाच त्रिकोण मिळून एक पंचकोन होतो. वर सांगितलेल्या मापाला त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५.९ चौरस मीटर भरते, तर आतल्या दशकोनी जमिनीचे क्षेत्रफळ सुमारे २६.५ चौरस मीटर आहे. म्हणजे केवळ हा पंचकोन उघडा ठेवला की जमिनीच्या पाचव्या हिश्शाहून थोडी अधिक जागा गरम हवेला वर निघून जायला मिळते, आणि तीही नेमकी जेथे गरम हवा जमते तेथेच. या पंचकोनावर प्लास्टिक कधीही घालू नये. त्याच्या वर एक फूट उंचीवर, पाच लहान पायांवर, पंचकोनापेक्षा थोडी मोठी टोपी बसवावी, म्हणजे पाऊस अडतो आणि हवा चालू राहते. शिखरावर लहानसा झरोका ठेवून बाकी सर्व बंद केलेले घुमट मी आपल्या भागात पाहिले आहेत. त्यांतील पिके एप्रिलमध्येच संपली.

वरून हवा निघण्यासाठी खालून ती आत यावी लागते. यासाठी घुमट थेट जमिनीवर न ठेवता पाऊण मीटर उंचीच्या भिंतीवर ठेवावा आणि ती भिंत जाळीदार वीटकामाची करावी. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळमध्ये असे वीटकाम स्वस्त घरांसाठी मोठ्या प्रमाणावर वापरले होते. दशकोनाचा घेर सुमारे १८.५ मीटर असतो. पाऊण मीटर उंच भिंतीचा तिसरा हिस्सा पोकळ ठेवला तर साडेचार चौरस मीटरहून अधिक झरोका मिळतो. आतून किडी अडवणारी बारीक जाळी ताणावी, आणि डिसेंबरच्या थंड लाटेत रोपे लहान असतील तर पश्चिम व उत्तरेकडील भोकांवर रात्रीपुरती पोती टाकावीत. भिंतीचा आणखी एक फायदा आहे. अर्धगोल घुमट जमिनीवर ठेवला तर दोन मीटर उंची मिळून ताठ उभे राहता येईल अशी जागा जेमतेम निम्मी उरते आणि कडेची जमीन वाया जाते. पाऊण मीटर उचलल्यावर ती ऐंशी टक्क्यांच्या पुढे जाते.

पाया हा विषय लोक घाईत उरकतात आणि तेच धोक्याचे आहे. बांधकामांवरील वाऱ्याच्या भारासाठी असलेल्या भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. त्या वेगाचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ११८ किलो होतो. त्यातला अर्धाच वरच्या दिशेने खेचणारा धरला, तरी आपल्या घुमटावर दीड टनाहून अधिक ओढ येते, आणि सांगाड्याचे स्वतःचे वजन त्याच्यापुढे नगण्य आहे. मे आणि जूनच्या सुरुवातीची वादळे टिनपत्रे उडवून नेतात, तशीच ती हलका घुमट उचलू शकतात. दहाही कोपऱ्यांवर किमान दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट खोल काँक्रीटचा ठोकळा घालावा. त्यातून १२ मिलिमीटरची सळई भिंतीच्या कोपऱ्यातील खांबातून वर आणून घुमटाच्या तळच्या सांध्याला बांधावी. नुसत्या विटांच्या वजनावर विसंबू नये, कारण विटेची भिंत ओढ सोसत नाही. आपल्या वावरात काळी माती आहे हे गृहीत धरतो. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात आणि तिच्यावर ठेवलेला पाया दरवर्षी हलतो. मुरूम लागेपर्यंत खोदावे. मुरूम फार खोल असेल तर खड्डा काळ्या मातीऐवजी मुरुमाने भरून, कुटून, मग काँक्रीट घालावे. वावराचा उंचवटा, शक्यतो धुऱ्याकडची पाणी न साचणारी जागा यासाठी निवडावी.

आच्छादन ऋतूप्रमाणे बदलता आले पाहिजे. होळीच्या सुमारास ५० टक्के सावलीची जाळी चढवावी आणि पश्चिमेकडील त्रिकोणांवर तिचाच दुसरा थर टाकावा, कारण दुपारी दोननंतरची झळ तिकडून येते. त्या बाजूला आठ-दहा फुटांवर शेवरीची दाट ओळ असेल तर आणखी चांगले. पावसाळ्यात जाळीवर, पण माथ्याचा पंचकोन सोडून फक्त वरच्या भागात, दोनशे मायक्रॉनचे अतिनील किरणांना टिकणारे प्लास्टिक घालून खालचे त्रिकोण जाळीचेच ठेवावेत. श्रावणातल्या झडीत सांभार आणि मेथी कुजून जातात ती पानांवर सतत पडणाऱ्या पाण्याने. डोक्यावर छप्पर मिळाले तर त्याच दिवसांत त्यांना उत्तम भाव असतो. दिवाळीनंतर प्लास्टिक काढून धुऊन, सावलीत गुंडाळून ठेवावे. प्लास्टिक जेथे तापलेल्या पाइपला टेकते तेथेच आधी फाटते, म्हणून पाइपला आच्छादनाच्या बाजूने पांढरा रंग द्यावा. कापड कापताना पट्टीवर एक त्रिकोण सुलटा, एक उलटा असे मांडले तर नासाडी फार कमी होते.

थंड देशातील टाकी मात्र आत ठेवू नये. आपल्याला रात्रीची ऊब नको आहे. टाकी बाहेर, झाडाच्या सावलीत आणि थोड्या उंचीवर असावी. उन्हात पडलेल्या काळ्या ठिबक नळ्यांतले पाणी एप्रिलच्या दुपारी हाताला चटका देते आणि तेच पाणी रोपाच्या मुळाशी गेले की रोप माना टाकते. नळ्या पालापाचोळ्याखाली दाबाव्यात आणि पाणी पहाटे द्यावे. आच्छादनासाठी सोयाबीनचे कुटार (भुसा) उत्तम आहे. उन्हाळ्यात आपल्याकडची हवा कोरडी असते, त्यामुळे पाणी हवेत मिसळून गारवा निर्माण करण्याची युक्ती येथे कोकणापेक्षा कितीतरी चांगली चालते. आपल्या घरातला कूलर त्याच तत्त्वावर चालतो. सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेत दर वीस-पंचवीस मिनिटांनी अर्धा मिनिट फॉगर (धुक्यासारखा बारीक फवारा सोडणाऱ्या तोट्या) चालवला आणि खालच्या वीटजाळीवर पश्चिमेकडून ओले पोते टाकले, तर जाळीखालचे तापमान बाहेरच्यापेक्षा काही अंशांनी खाली ठेवता येते. फॉगरच्या तोट्या विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याने लवकर बुजतात, म्हणून गाळणी आवश्यक आहे. पंख्यांवर चालणारी मोठी शीतयंत्रणा मी सुचवणार नाही. ऐन दुपारी वीज गेली की अशी बंद रचना तासाभरात पीक घालवते, आणि उघड्या माथ्याचा घुमट विजेशिवायही तग धरतो.

एवढे करूनही मे महिन्यात टोमॅटो आणि ढोबळी मिरची यांची अपेक्षा धरू नये. त्या दिवसांत पालक, चवळी, अंबाडी, राजगिरा, सांभार आणि मेथी घ्यावी. सांभार जाळीखालीही उष्णतेने लवकर फुलावर येतो, म्हणून दर दहा दिवसांनी थोडा थोडा पेरावा आणि कोवळा असतानाच काढावा. काकडीवर्गीय वेलींना मधमाशी लागते आणि बारीक जाळी मधमाशीला अडवते, त्यामुळे वेल बाहेर मांडवावर घ्यावेत किंवा परागीभवनाशिवाय फळ धरणारे वाण निवडावेत. माझ्या मते घुमटाचे खरे उत्पन्न रोपवाटिकेत आहे. मे महिन्याच्या शेवटी मिरची, वांगी आणि टोमॅटोची रोपे तयार असलेला शेतकरी पहिल्या पावसाला लावणी करतो आणि गावातले दहा जण त्याच्याकडे रोपे मागायला येतात. वरुड तालुक्यातील शेंदूरजनाघाट परिसरात संत्र्याच्या कलमांच्या रोपवाटिकांवर कित्येक कुटुंबे उभी आहेत. तेथे जाऊन जाळीखालची पिशव्यांतील रोपे कशी सांभाळली जातात हे आपण दोघांनी पाहून यावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली, जशी २०१४ मध्ये मोठ्या क्षेत्रावर झाली होती, तर नीट ताणलेली जाळी रोपांना वाचवते.

मात्र पुढे याच पद्धतीने दहा आर क्षेत्र झाकायचा विचार असेल तर घुमट सोडून द्यावा. आपल्या घुमटाला जमिनीच्या जवळपास दुप्पट आच्छादन लागते. ४० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच सपाट जाळीघराला ते जमिनीच्या सुमारे १.४ पट पुरते आणि काम सरळ रेषेत होते. शासकीय अनुदानही ठरावीक आराखड्यांच्या हरितगृहांना आणि जाळीघरांना मिळते. घुमट त्यात बसेल असे धरून कर्ज काढू नये, आधी तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी विचारून घ्यावे.

आता घराविषयी. नॉर्वेमध्ये आर्क्टिक वर्तुळापलीकडे एका कुटुंबाने काचेच्या घुमटाखाली मातीचे घर बांधले आहे आणि तेथे ते योग्यच आहे, कारण घुमट त्या घराला वाऱ्यापासून आणि हिमापासून वाचवतो. आपल्याकडे हरितगृहाच्या पोटात घर बांधणे म्हणजे लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना वर्षातले चार महिने दमट उष्णतेत ठेवणे होय. हे करू नये, असे मी अगदी कळकळीने सांगतो. फॉगरची ओल, फवारणीचा वास आणि जाळीखाली वाढणारे डास हे सर्व घराबाहेरच राहिले पाहिजेत. दोन्ही बांधकामांत किमान वीस फूट अंतर ठेवावे आणि वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला घर घ्यावे.

विटांचे घुमटाकार छप्पर मात्र चांगले असते, फक्त ते जमिनीपासून सुरू होणारे पूर्ण अर्धगोल नसावे. अर्धगोल विटांच्या घुमटात शिखरापासून सुमारे ५२ अंशांच्या खालच्या भागात घेराच्या दिशेने फाकवणारी ओढ निर्माण होते, वीट ती सोसत नाही आणि तळाशी उभ्या भेगा पडतात. शिवाय अशा घराला छज्जा नसतो. वर्धा जिल्ह्यात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो सगळा भिंतीवरूनच ओघळतो. खिडकी कापायला अवघड जाते आणि कपाट भिंतीला टेकत नाही. याउलट चार मीटर चौरस खोलीवर ८० सेंटिमीटर उंचीचा उथळ घुमट घेतला तर तो ५२ अंशांच्या आतच संपतो. बाहेर ढकलणारा जोर भिंतीच्या माथ्यावरील काँक्रीटच्या पट्ट्याने अडवावा. हा पट्टा चारही भिंतींवर अखंड असला पाहिजे आणि त्याच्या सळयांचे माप अभियंत्याकडून काढून घ्यावे. कोपऱ्यांत लहान कमानी घेऊन चौरसावर गोल बसवायचा, ही रीत आपल्याकडच्या जुन्या गवंडीकामात आहे.

छपराच्या माथ्यावर टोपी असलेला झरोका, वरून विटांच्या तुकड्यांचा चुन्यातला थर आणि त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी असावी. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो आणि फरशीमुळे पाणी मुरत नाही. जाड वीट दिवसभराची उष्णता रात्री खोलीत सोडते, म्हणून संध्याकाळी झरोका आणि समोरासमोरच्या खिडक्या उघडता आल्या पाहिजेत. पश्चिमेला आणि दक्षिणेला खोल ओसरी घ्यावी. सेवाग्रामची बापू कुटी १९३० च्या दशकापासून मातीच्या भिंती, कवेलूचे उतरते छप्पर आणि ओसरी यांच्या जोरावर वर्ध्याचा उन्हाळा सोसत आली आहे. जागा आपल्यापासून फार दूर नाही. दुपारच्या वेळी तेथे थोडे बसून घ्यावे. त्याच फेरीत वर्ध्याजवळच्या दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रात जावे. तेथे भाजलेल्या मातीचे शंकू एकात एक गुंफून कमानी छप्पर करण्याची पद्धत विकसित झाली आहे. आपल्या गावात कुंभार असेल तर घुमटापेक्षा ती कमान आपल्याला सोयीची पडण्याची शक्यता आहे, कारण तिला वीट आणि लोखंड कमी लागते.

कामाचा क्रम असा ठेवावा. या दिवाळीनंतर हरितगृहाचा पाया आणि वीटजाळी, जानेवारीत सांगाडा आणि होळीपूर्वी जाळी. एक पूर्ण उन्हाळा त्यात पीक घेऊन आच्छादन, पाणी आणि विक्री यांचा अंदाज आल्यावर घराची आखणी करावी. घराचा पाया त्यानंतरच्या हिवाळ्यात खोदावा, म्हणजे छपराच्या चुन्याला आणि वीटकामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सौम्य हवेत रोज पाणी मारून पक्के होऊ देता येईल.